चित्रं आठ, वही एक

(पत्राचा गोषवारा: ‘मी १९ वर्षांची, बडोद्यात एस. वाय. बी. कॉम.ला आहे. मांडवी-रावपुऱ्यातल्या जुन्या घरांचे दरवाजे टॅबवर काढते. गेल्या वर्षी त्यातली आठ चित्रं एनएफटी (खरेदी-विक्री करता येणारी डिजिटल नोंद) म्हणून मिंट केली, म्हणजे त्यांच्या तशा नोंदी तयार केल्या. दोन विकली गेली, त्यातलं एक पुण्याच्या मामेभावाने घेतलं. मग आणखी पैसे घालून दुसऱ्यांचे एनएफटी घेतले-विकले. एकूण ११,४०० रुपये घातले, आज वॉलेटमध्ये ३,१५० उरलेत. आई याला सट्टा म्हणते. बी. कॉम. सोडून यातच पडू, की चित्रं काढणंच बंद करू? हिशेबाच्या वहीचे फोटो जोडले आहेत. – म., दांडिया बाजार’)

प्रिय म.,

दोन्ही नको.

आईचं म्हणणं अर्धं खरं आहे. दुसऱ्यांचे एनएफटी चढतील म्हणून घेणं हा सट्टाच, त्याला दुसरं नाव शोधू नकोस. पण स्वतःचं चित्र काढून विकायला ठेवणं हा सट्टा नव्हे, ते दुकान मांडणं आहे. गिऱ्हाईक आलं नाही, एवढंच. तू दोन्हीचा जमाखर्च एकत्र केलास आणि आता दोन्हीचा राग चित्रांवर काढते आहेस.

मामेभावाला मिळालं काय, तेही बघ. ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीतली, एक नोंद. चित्राची फाइल बहुतेक वेळा दुसरीकडेच ठेवलेली असते, नोंदीत तिचा पत्ता असतो. तू वेगळं लिहून दिलं नसशील तर कॉपीराइटही तुझाच. म्हणजे त्याच्याकडे सातबाऱ्याचा उतारा आहे, शेत नाही. मोजक्या प्रतींना किंमत येते ही युक्तीही नवी नाही. तुझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, १९५० सालची. तिथे छापचित्रं करणारे कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ४/२० असं लिहून सही करतात: वीस प्रतींतली ही चौथी. ज्योती भट्ट त्याच फॅकल्टीत शिकले, तिथेच शिकवलं. त्यांची छापचित्रं लोकांना हवीशी वाटतात ती त्या आकड्यामुळे नव्हे. आकडा नंतर येतो.

मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकन डिजिटल चित्रकाराचं एनएफटी-चित्र क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलरला गेलं, ते तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस. तो माणूस २००७ पासून रोज एक चित्र काढत होता, ते एकदाही लिहिलं नाहीस. आणि ‘पुढच्या प्रत्येक विक्रीवर १० टक्के रॉयल्टी’ हा तुझा आधार तर केव्हाच सुटला. ओपनसी या एनएफटीच्या ऑनलाइन बाजाराने २०२३ मध्येच ती ऐच्छिक करून टाकली.

आता चित्रं. स्पष्ट सांगतो, रागावू नकोस. आठातली पाच म्हणजे एकच दरवाजा, रंग बदलून. ती मिंट करायच्या घाईत झालेली आहेत हे दिसतं. उरलेली तीन तू समोर उभं राहून काढलीस. त्यातल्या एकात कडी-कोयंडा आहे आणि कडी वर्षानुवर्षं घासून लाकडावर अर्धगोल चरा पडलाय. तो चरा बघणारी मुलगी चित्रं सोडणार असेल तर मला वाईट वाटेल. रविवारी सकाळी जाऊन काढत राहा. विकायचं नाव वर्षभर काढू नकोस.

आणि आता वही, जी तू ‘उगाच’ म्हणून जोडलीस. मी मात्र तीच दोनदा वाचली. प्रत्येक व्यवहाराची तारीख, इथर (ज्या डिजिटल चलनात हे व्यवहार होतात ते) किती, त्या दिवशी रुपयात भाव काय, गॅस फी, म्हणजे व्यवहार नोंदवण्याचं शुल्क, वेगळ्या रकान्यात. एका ओळीत लाल पेनाने लिहिलंयस, ‘गॅस ६१२, व्यवहार फसला, पैसे गेले’. फसलेल्या व्यवहाराचाही गॅस जातो, हे लोकांना पैसे गेल्यावर कळतं आणि ते लिहून कोणीच ठेवत नाही. माझ्याकडे सल्ल्याला येणारे कमावते लोकही असा हिशेब दाखवू शकत नाहीत.

ही वही कामाला का येईल ते तुझ्याच आकड्यांत बघ. एक एनएफटी ३,००० ला घेऊन ५,५०० ला विकलास, नफा २,५००. दुसऱ्यात ४,८०० चा तोटा. तू खाली लिहिलंस, ‘एकूण तोटा २,३००, कर नाही’. चूक! एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाने अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, म्हणजे ७५० आणि वर ४ टक्के सेस. दुसरीकडचा तोटा त्यातून वजा होत नाही. खरेदीची किंमत सोडून इतर खर्चही वजा होत नाहीत. शिवाय इथर देऊन एनएफटी घेणं म्हणजे इथर विकणंच, त्याचाही हिशेब वेगळा. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आला. म्हणजे वर्ष आतबट्ट्याचं आणि तरी विवरणपत्रात नफा! स्वतःच्या चित्रांची विक्री कशी दाखवायची आणि शेवटी किती भरायचं, ते वही घेऊन एखाद्या सीएला विचार. त्याची फी हा तुझ्या शिक्षणाचा खर्च समज.

हे सगळं तुला कंटाळवाणं वाटलं असेल तर तसं कळव. पण त्या रकान्यांवरून तसं वाटत नाही. बी. कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट सीए इंटरमीजिएटला बसता येतं. पदवी सोडायची नाही ती याच्यासाठी. फाइन आर्ट्सचा चार वर्षांचा बी. व्ही. ए. (दृश्यकलेची पदवी) करायचाच असेल तर ते वर्षभराच्या रविवारांनंतर ठरवू, तेव्हा हातात दाखवायला काही असेल.

३,१५० आहेत तसे राहू देत, नवा रुपया घालू नकोस. आणि वॉलेट परत मिळवायच्या बारा गुप्त शब्दांचा फोटो गॅलरीत आहे म्हणालीस, तो आज डिलीट कर. शब्द कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेव. सट्टा म्हणत असली तरी ती सांभाळेल.

परीक्षा झाल्यावर कुठल्याही गुरुवारी पाचनंतर ये. वही आण, आणि त्या कडीचं चित्र छापून आण. आईलाही घेऊन ये.