वाचक विचारतात : जुन्या लॅपटॉपला पेलेल असा अँटिव्हायरस

प्रश्न : लॅपटॉप आठ वर्षांचा आहे. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. टॅली आणि जीएसटीचं सगळं काम त्यावरच चालतं. सोबत आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली असून तो सारखा पैसे मागतो. हलका आणि मोफत कोणता टाकावा?
– एक कापूस व्यापारी, अमळनेर

उत्तर : नवा काहीच टाकू नका, आहे तो काढा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. दुसरा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो. कंट्रोल पॅनलमधून मुदत संपलेला अनइन्स्टॉल करा. तिथून निघाला नाही तर त्याच कंपनीच्या साइटवरून तिचं रिमूव्हल टूल घ्या (मॅकॅफीचं एमसीपीआर, अवास्टचं अवास्ट क्लिअर). अर्धवट उरलेले तुकडेच पुढे त्रास देतात. रिस्टार्टनंतर सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज सिक्युरिटी या वाटेने व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे ना, ते बघा.

आता ‘हलका’ या मुद्द्याकडे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना तासन्‌तास १०० टक्क्यांवर असेल, तर अँटिव्हायरस कितीही बदला, फरक पडणार नाही. दम हार्ड डिस्कला लागलाय. तिच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (चिपवर चालणारी, कितीतरी वेगवान डिस्क) बसवा, जमलं तर रॅम ८ जीबी करा. आमच्या मते पैसा घालायचा तर इथे.

अवास्ट आणि एव्हीजी ही नावं दोन, घर एकच. अवास्टने एव्हीजी २०१६ मध्ये विकत घेतली. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मोफत मालाची किंमत अशीही वसूल होते. तरी दुसरा हवाच असेल तर बिटडिफेंडर फ्री बघा, मात्र त्याला खातं उघडावं लागतं. आणि काहीही झालं तरी दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. दोघं एकच फाइल तपासायला धावतात आणि लॅपटॉप अडतो.

खरी काळजी वेगळीच आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोजमधल्या भगदाडाला अँटिव्हायरस ठिगळ लावू शकत नाही. विंडोज अपडेटच्या पानावरून ईएसयूची (मुदतीनंतरही सुरक्षा अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नोंदणी करा, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही कुलूपबंद करतो.

प्रश्न : स्कॉलरशिपची कागदपत्रं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट करून आणली. आता पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. फाइली गेल्या का?
– एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : बहुधा गेल्या नाहीत, लपवल्यात. आयकॉनच्या कोपऱ्यात बाण आणि साइज एक-दोन केबी, म्हणजे तो फोल्डर नव्हे. त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालतो आणि लगेच खरा फोल्डरही उघडतो, म्हणून संशयच येत नाही. तुम्ही क्लिक केलं असेल तर लॅपटॉपलाही लागण झाली असं धरा.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा आणि तिथल्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. लॅपटॉप रिस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते. मग पेनड्राइव्ह लावून राइट क्लिकने तोही स्कॅन करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हिडन’ फाइली दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा, पुसट रंगाचे खरे फोल्डर दिसतील. फोल्डर तसाच उचलू नका, लपलेपणाही सोबत येतो. आतल्या पीडीएफ आणि फोटो नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. नावाच्या शेवटी .exe किंवा .vbs असलेली अनोळखी फाइल दिसली तर हात लावू नका.

पुढच्या वेळी प्रिंटपुरती पीडीएफ दुकानदाराला मेल करा.

प्रश्न : मे महिन्यात फुल स्कॅन लावला की लॅपटॉप बंदच पडतो. अँटिव्हायरस बदलू?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : नको. खोलीतच चाळीसच्या पुढे पारा असेल तर पंखा गरमच हवा ओढतो. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, मग बंद पडतो. जाळीतली धूळ काढून घ्या, बरीच वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. रोजच्याला क्विक स्कॅन पुरतो, तो डिफेंडर आपणहून करतो. फुल स्कॅन महिन्यातून एकदा, पहाटे लावा.