येमेनच्या मिसाईलचा निफाडच्या द्राक्षाशी काय संबंध?

प्रश्न : आमची द्राक्षं दरवर्षी युरोपला जातात. 2024 च्या सीझनला व्यापाऱ्याने दर पाडला, म्हणे हुथींमुळे जहाजाचं भाडं वाढलंय. भांडण इस्राएल आणि हमासचं, हे हुथी येमेनचे, मग मार आम्हाला का? आणि आपलं सरकार अमेरिकेबरोबर जाऊन त्यांना सरळ का करत नाही?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : दादा, व्यापाऱ्याने त्यात स्वतःचा हात किती मारला ते मला सांगता येणार नाही, पण कारण खोटं नव्हतं. न्हावा शेवावरून निघालेला रीफर (म्हणजे माल थंड ठेवणारा) कंटेनर एरवी एडनच्या आखातातून बाब-अल-मंदेब, मग लाल समुद्र, मग सुएझ असा जातो. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम 30 किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या वरच्या अंगाचा येमेनचा किनारा हुथींच्या, म्हणजे इराणच्या पाठिंब्यावरच्या येमेनी सशस्त्र गटाच्या, ताब्यात. गाझातल्या युद्धात ते हमासच्या बाजूने उतरले आणि 19 नोव्हेंबर 2023 ला त्यांनी गॅलेक्सी लीडर जहाजावर हेलिकॉप्टर उतरवून ते पळवलं, आणि ते जहाज येत होतं कुठे तर आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या पिपावावला! जहाजावरचे 25 जण सुटले जानेवारी 2025 मध्ये. आम्ही फक्त इस्राएलशी संबंध असलेली जहाजं मारतो असं हुथी म्हणायचे पण काहीच संबंध नसलेली जहाजंही त्यात सापडली, मग इन्शुरन्सवाल्यांनी प्रीमियम वाढवला आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली. म्हणजे दहा-चौदा दिवस जास्त. स्टीलला काय फरक पडतो, द्राक्षाचा देठ सुकतो आणि मणी गळतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता सरळ करण्याचं. अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये लाल समुद्रातल्या जहाजांच्या रक्षणासाठी नौदलांची आघाडी उभी केली, त्यात भारत गेला नाही आणि माझ्या मते बरोबर केलं. इराणमध्ये चाबहार बंदर चालवायचा दहा वर्षांचा करार आपण मे 2024 मध्ये केला, इस्राएलकडून आपण शस्त्रं घेतो, आखाती देशांत आपली 90 लाखांच्या आसपास माणसं राहतात, यातल्या एकालाही दुखावणं परवडणारं नाही. बरं बॉम्ब टाकून रस्ता मोकळा झाला असता तर मीही गप्प बसलो असतो, पण 2025 च्या मार्चपासून मेपर्यंत अमेरिकेने येमेनवर जोरदार हल्ले केले, मग ओमानने मध्यस्थी केली, अमेरिका आणि हुथी थांबले, आणि जुलैत हुथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही दोन जहाजं एकाच आठवड्यात बुडवली.

पण आघाडीत न जाणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. 23 डिसेंबर 2023 ला केम प्लूटो या टँकरवर ड्रोन पडला तो पोरबंदरपासून साधारण 200 सागरी मैलांवर, म्हणजे आपल्या दारातच, आणि त्यानंतर नौदलाने अरबी समुद्रात स्वतःच्या युद्धनौका वाढवल्या. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने चाळीस तास मागे लागून सोमाली चाच्यांनी पळवलेलं रुएन जहाज सोडवलं, मरीन कमांडो विमानातून समुद्रात उतरवले, 17 खलाशी सुखरूप, 35 चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. त्या खलाशांत भारतीय एकही नव्हता तरी आपली पोरं गेली. मला हे परराष्ट्र धोरण आवडतं, कुणाच्या बाजूने नाही पण समुद्रात अडकलेल्या माणसाच्या बाजूने.

प्रश्न : माझा मुलगा टँकरवर ऑइलर आहे. पुढचं जहाज लाल समुद्रातून जाणार म्हणतो. रात्रीची झोप नाही. त्याला नाही म्हणता येतं का?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे. जानेवारी 2024 मध्ये मार्लिन लुआंडा या टँकरला हुथींचं मिसाईल लागून आग लागली तेव्हा त्यावर 22 भारतीय होते, आयएनएस विशाखापट्टणमची माणसं आग विझवायला गेली, सगळे वाचले. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स जहाजावरच्या हल्ल्यात मात्र तीन खलाशी दगावले.

नाही म्हणता येतं, पण ते त्याच्या करारावर आहे. जहाज आयबीएफच्या (जहाज कंपन्या आणि खलाशांच्या युनियनचं आंतरराष्ट्रीय व्यासपीठ) करारात असेल तर या धोक्याच्या पट्ट्यात जायला नकार देता येतो, कंपनीला स्वतःच्या खर्चाने घरी पाठवावं लागतं, आणि गेलाच तर तेवढ्या दिवसांचा बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर दुप्पट नुकसानभरपाई असते. पण हे जहाज त्या पट्ट्यात शिरायच्या आधी कॅप्टनला सांगायचं, तेही लेखी. त्याला आजच फोन करा, कराराची कॉपी व्हॉट्सॲपवर मागवा आणि युनियनच्या माणसाकडून वाचून घ्या. एजंटने पाठवलं असेल तर त्याचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा नंबर, सरकारच्या डीजी शिपिंग खात्याच्या साइटवर चालू आहे का बघा, नंबर नसेल तर त्या जहाजावर मुलाला चढूच देऊ नका.