उचल फिटत नाही, म्हणून मुलगी?

प्रश्न : आमच्या शेतात ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या एका जोडप्याची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटलेली नाही. कारखान्याचा पट्टा पडत आलाय, म्हणजे हंगाम संपत आलाय. बारा वर्षांच्या मुलीला पुण्यात घरकामाला धाडा, उचलीची बाकी मिटवतो, असं टोळी आणणारा मुकादम म्हणतो. बाप तयार आहे. आईबापच तयार असतील तर बाहेरच्याने काय बोलायचं? – एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : बोलायचंच, आणि पट्टा पडायच्या आत. बापाच्या होकाराला इथे कायद्यात किंमत नाही. पालकाला पैसे किंवा फायदा देऊन शोषणासाठी मूल नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली मानवी व्यापार आहे; मुलाच्या बाबतीत शिक्षा किमान दहा वर्षं. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं हाही गुन्हाच.

गरीब तर टोळीतली सगळीच. पोर जातं ते बहुधा हिशेब कोलमडलेल्या घरातलं. उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. एकाने अंथरूण धरलं की दोघांची तोड बसते, खाडे मांडले जातात आणि बाकी फुगते. बँक दारात उभं करत नाही. उचल देणारा, खाडे लिहिणारा आणि वही ठेवणारा माणूस एकच, मुकादम; तेव्हा बापाने भांडायचं कुणाशी?

मुकादमाला जाब विचारू नका. टोळी रातोरात ट्रॅक्टरवर बसते आणि माग उरत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. मुलीचं नाव, वय, मूळ गाव, टोळीच्या कोप्या (झोपड्या) कुठल्या गट नंबरात आहेत, कारखाना कुठला, न्यायला कोण आणि कधी येणार, एवढं सांगा. गाडीचा नंबर मिळाला तर उत्तम. मुलगी ताब्यात आल्यावर चोवीस तासांत तिला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. ती आधीच गेली असेल तर जवळच्या ठाण्यात जा. ‘आमची हद्द नाही’ म्हणून पोलिसांना गुन्हा नाकारता येत नाही.

घोडं अडतं ते यापुढे. मुलगी परत येते, कर्ज तसंच राहतं आणि पुढच्या हंगामात तोच सौदा होतो. म्हणून सोबतच जोडप्याला प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वेठबिगारीचा, म्हणजे कर्जापोटी राबवून घेतल्याचा, अर्ज द्यायला लावा. १९७६च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्द होतं, आणि ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर, इथे मुकादमावर, असते. अर्जात उचलीची रक्कम, तारीख आणि फेडलेले पैसे लिहा. वही मुकादमाकडे असली तरी अडत नाही, जोडप्याचा तोंडी जबाब चालतो.