पांढरा बॉल वळतो तो कापडामुळे

प्रश्न : वर्षभरापासून मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका क्लबात पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ, खेळतो. समोरच्या खेळाडूचा बॉल आडवा आला, की मी क्यू (बॉल मारायची काठी) सपाट ठेवून पांढऱ्या बॉलच्या उजव्या अंगाला जोरात मारतो, पण तो उजवीकडे वळत नाही, उलट किंचित डावीकडे जातो. माझा जोर कमी पडतो का? हे हवेमुळे होते, क्रिकेटच्या स्विंगसारखे, असे मित्र म्हणतात. क्यू उभी धरली, तर क्लबचे मालक ओरडतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : आपला जोर कमी पडत नाही, बहुधा जास्तच होतो, आणि हवेचा येथे काही संबंध नाही. सपाट क्यूने उजव्या अंगाला मारलेला बॉल भोवऱ्यासारखा उभ्या आसाभोवती फिरतो. तो टेबलावरच्या कापडाला टेकतो त्या ठिकाणी ही फिरकी जागच्या जागी घासत राहते, बाजूला ओढ लावत नाही, म्हणून वाट सरळच राहते. डावीकडचा सरकाव मात्र खरा आहे : मध्य सोडून मारताना क्यूचे टोक बॉलला थोडे विरुद्ध बाजूस ढकलते.

वळण हवे असेल तर क्यूची मागची बाजू उचलून उजव्या अंगावर वरून खाली मारावे लागते. मग आस कलतो, बॉल पुढे घसरत असतानाच त्याचा तळ कापडावर डावीकडे घासू लागतो आणि घर्षण त्याला उजवीकडे लोटते. घसरणे चालू असेपर्यंत या घर्षणाची दिशा बदलत नाही, म्हणून वाट फेकलेल्या दगडासारखी कमानदार होते. बॉल नीट लोळू लागला की ती पुन्हा सरळ होते. वाऱ्यांच्या दिशेसंदर्भात पाठ्यपुस्तकात ज्यांचे नाव येते, त्या कोरिऑलिस यांनी १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर ग्रंथ लिहिला. त्यांचा नियम आजही उपयोगी आहे : क्यूची रेषा बॉलमधून पुढे वाढवून ती कापडाला जिथे भिडेल तो बिंदू धरावा, बॉल जिथे टेकला आहे तिथून त्या बिंदूकडे जाणारी जी दिशा, तीच वळून झाल्यावरची बॉलची दिशा.

जोराने दिशा बदलत नाही, वळण लांबते. अडथळा जवळ असेल तर हात हलकाच हवा, नाहीतर बॉल वळायच्या आतच पुढे निघून जातो. नव्या, गुळगुळीत कापडावर वळण उशिरा येते, जुन्या खरखरीत कापडावर लवकर. अर्धाच बॉल झाकला असेल तर क्यू थोडी उचलणे पुरते आणि नेम अडथळ्याच्या डाव्या बाजूने धरावा. संपूर्ण वळसा घ्यायचा असेल तर क्यू जवळजवळ उभी करावी लागते. या फटक्याला ‘मासे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, कृष्णेतल्या माशांशी त्याचे नाते नाही. टोकाला चॉक लावणे विसरू नये.

मालकांचे ओरडणे योग्यच आहे, कारण क्यूचे टोक बॉलवरून घसरून कापडावर आदळले तर कापड फाटते आणि ते बदलण्याचा खर्च लहान नसतो. मासे शिकायचाच असेल तर कापड बदलायला आलेले टेबल मागून घ्यावे. सामन्यात, माझ्या मते, कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लावून जाणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित ठरते. पांढरा बॉल आधी आडव्या बॉलला लागला तर फाउल होतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो हवा तिथे ठेवून खेळता येतो. साइड, म्हणजे बाजूची फिरकी, न देता मध्यम जोराने मारलेला बॉल कुशनवरून साधारण ज्या कोनात गेला त्याच कोनात परततो, त्यामुळे हा हिशेब डोळ्यांनी करता येतो.