स्वीडनच्या रागुंडा भागातला ‘मेलेला धबधबा’ कोरडा कसा पडला? मुद्दाम जाऊन बघण्यासारखा आहे का?

हो, जरूर जा. पण नुसता धबधब्याचा कोरडा खडक बघून परत फिरू नका. रागुंडा ही येम्टलांड प्रांतातली, जेमतेम पाच हजार वस्तीची ग्रामीण पालिका. तिथली बरीचशी आजची रचना 1796 सालच्या एका रात्रीत ठरली.

तेव्हा इंदाल नदीवर सुमारे 25 कि.मी. लांबीचा रागुंडा तलाव होता. त्याच्या तोंडाशी स्टोरफोर्सेन हा सुमारे 35 मीटरचा धबधबा. वरच्या जंगलातले ओंडके नदीतून खाली सोडले की इथे आपटून फुटायचे. म्हणून धबधब्याला बगल देणारा कालवा काढायचं ठरलं आणि सुंड्सवालचा व्यापारी माग्नुस हुस याने ते काम अंगावर घेतलं.

घात जमिनीने केला. धबधब्याखाली पक्का खडक होता, पण शेजारची टेकडी हिमनदीने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांची होती. खणायला ती सोपी, म्हणूनच कालवा तिच्यातून काढला. त्यात 1796 च्या वसंतात बर्फ वितळून तलाव तुडुंब भरला. 6 जूनच्या रात्री पाणी कालव्यात शिरलं आणि वाळू वाहून जायला लागली. चर जितका खोल, तितका पाण्याला जोर जास्त, आणि जोर जितका जास्त, तितकी खरवड अधिक. वाटेत थोपवणारा खडकच नव्हता. चारेक तासांत अख्खा तलाव रिकामा झाला. नदी कायमची या नव्या वाटेने वाहू लागली आणि स्टोरफोर्सेन कोरडा पडला; तोच हा ‘मेलेला धबधबा’. खाली सुमारे 25 मीटर उंचीची लाट गेली. घरं, शेतं, जंगल सगळं धुऊन निघालं. तरी या पुरात कोणी दगावल्याची नोंद नाही. हुस पुढच्याच वर्षी याच नदीत बुडून गेला.

तलावाचा तळ उघडा पडला तो सुपीक गाळाचा. तिथे शेती झाली, आणि पालिकेचं मुख्य गाव हामरस्ट्रँड आज त्याच तळावर आहे. वाहून गेलेल्या गाळाने समुद्राजवळ नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश वाढवला. सुंड्सवालचा विमानतळ त्यावरच आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तळातला चिखल. त्यात दरवर्षी उन्हाळ्याचा एक आणि हिवाळ्याचा एक असे थर साचलेले होते, आणि वरचा शेवटचा थर 1796 चा हे पक्कं ठाऊक होतं. भूगर्भशास्त्रज्ञ येरार्ड दे येर यांनी हे थर मोजून हिमयुग संपल्यावरचा काळ वर्षांत मांडायचा प्रयत्न केला.

बघायला उन्हाळ्यात जा, म्हणजे खडक बर्फाखाली नसतील. हामरस्ट्रँडहून 87 क्रमांकाच्या रस्त्याने नदीच्या खालच्या अंगाला निघा. धबधब्यापाशी लाकडी पायवाटा आहेत. निघोजला दिसतात तसे रांजणखळगे इथेही आहेत, फक्त त्यांच्यावरून आता नदी जात नाही. खडक ओला असेल तर पायवाट सोडू नका. वेळ असेल तर उतानेडे गावचा थायी मंडपही बघा. सयामचे राजे चुलालाँगकॉर्न 1897 मध्ये या नदीवरून गेले होते, त्यांच्या स्मरणार्थ तो बांधला आहे.

धबधबा गेला, तरी नदीचा उतार गेला नाही. त्यामुळे हामरफोर्सेन (1928) आणि क्रोंगेडे (1936) ही जलविद्युत केंद्रं याच पट्ट्यात उभी राहिली.