लॅमिनेशन केलेली स्पॉन्सरशिप

"मॅडम, पोरगं धड जेवत नाही, बोलत नाही. परदेशी जायचं म्हणून उड्या मारायला पाहिजेत, तर हे असं."

ऑक्टोबर छाटणीच्या ऐन घाईत तासगावकडचे एक द्राक्ष बागाईतदार सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून सांगत होते. शेजारी त्यांची बायको आणि खिडकीकडे तोंड केलेला मुलगा. मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून तिथंच एका दवाखान्यात रात्रपाळी करणारा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

वडिलांनी पिशवीतून फाईल काढली. आत एक कागद, लॅमिनेशन केलेला, सोनेरी किनारीचा, खाली गोल शिक्का आणि वर ठळक अक्षरात 'स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट'. इंग्लंडमधल्या वृद्धांच्या केअर होममध्ये केअर वर्करची नोकरी. एजंटानं 14 लाख सांगितले होते. दीड लाख देऊन झाले होते आणि उरलेल्यासाठी 20 गुंठ्यांचा सौदा ठरत आला होता.

दोघांना बाहेर चहाला पाठवलं, तेव्हा मुलगा बोलला. "मला ते खरं वाटत नाही. पण हट्ट मीच धरला होता. भावकीत सगळ्यांना कळलंय, अभिनंदनाच्या फ्लेक्सचं डिझाईनसुद्धा आलंय. आता कुठल्या तोंडानं सांगू?" त्याचं जेवण कुठं अडकलं होतं ते मला तिथं समजलं.

मी काही व्हिसाची सल्लागार नाही. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथल्या नर्सेस आणि त्यांचे आईबाप माझ्याकडे वर्षभर येतात. त्यामुळे शिकावंच लागलं.

दोघं आत आल्यावर मुद्द्याला हात घातला तो आईनं. माहेर विट्याकडचं. "आमचा भाऊ गलाईच्या, म्हंजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला तमिळनाडूत गेला, तवा शेटनं तिकिटाचे पैसे धाडले होते. हितं नोकरी देणाराच उलटा पैसे मागतोय व्हय?"

मी म्हटलं, ताई, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. स्पॉन्सर म्हणजे जत्रेच्या पावतीवरचा देणगीदार नव्हे. तिथल्या मालकाला आधी सरकारकडून परवाना काढावा लागतो. मग तो कामगाराच्या नावानं 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' देतो. नाव सर्टिफिकेटचं असलं तरी ती संगणकातली नोंद असते. कामगाराला मिळतो तो एक क्रमांक, त्यावर तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करायचा. लॅमिनेशन करण्यासारखं त्यात काही नसतं! या नोंदीची फी 525 पौंड, म्हणजे साधारण साठ हजार रुपये, आणि ती मालकानं भरायची. परवान्याचा आणि या नोंदीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला 31 डिसेंबर 2024 पासून बंदी आहे. व्हिसाची स्वतःची फी, इंग्रजीची परीक्षा, टीबीची तपासणी हे खर्च आपले, ते नाकारायचं कारण नाही. पण 14 लाख?

वडील हार मानायला तयार नव्हते. मग परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर उतरवून घेतली. केअर होमचं नाव त्यात निघालं! त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि मला क्षणभर वाईट वाटलं. कारण नाव असणं म्हणजे एवढंच की त्यांच्याकडे परवाना आहे. त्यांनी तुमच्या मुलाला बोलावलंय, हे त्यातून सिद्ध होत नाही. खऱ्या केअर होमचं नाव कुणीही कागदावर छापू शकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, परदेशातून नवे केअर वर्कर घेणं इंग्लंडनं 22 जुलै 2025 पासून बंदच केलंय. एजंटानं पैसे घेतले ते त्यानंतर.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मुलगाच वळला. "आबा, सौदा नको."

एजंटाचं नाव भारत सरकारच्या एमिग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजंटांत शोधलं. नव्हतं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायला 1983 च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, आणि नोंदणीवाल्यालाही 30 हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आबांनी आकडा हातावर लिहून घेतला.

आईचा आणखी एक प्रश्न होता. "आन् खरी नोकरी मिळाली, मग तिकडं सुटली तर?" व्हिसा त्या मालकाशीच बांधलेला असतो. स्पॉन्सरशिप थांबली की साधारण 60 दिवसांत दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, नाहीतर परतायचं. हे मी अजिबात गोड करून सांगितलं नाही.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हा मुलगा शिकलेला नर्स. नर्सची वाट अजून उघडी आहे: इंग्रजीची परीक्षा, इथं संगणकावरची परीक्षा, तिकडं गेल्यावर प्रात्यक्षिक, मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. वेळ लागतो, म्हणून एजंटानं ती सांगितलीच नाही.

पुढं आणखी तीनदा बसलो. व्हिसावर फारसं नाही, बापलेकांच्या अबोल्यावर. सौदा मोडला. दीड लाखांतले पन्नास हजार परत आले, बाकीसाठी पोलिसांत अर्ज आहे. मुलगा रात्रपाळी करून दुपारी ओईटीच्या, म्हणजे त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला जातो आणि जेवतो, असं आईनं मुद्दाम फोन करून कळवलं. फ्लेक्सचं डिझाईन आबांच्या मोबाईलमध्ये अजून आहे. त्यातली तारीख तेवढी काढून घेतलीय.