थंडीत जमिनीलगत पसरणारी नाजूक झाडे कशी जपावीत?

हिंगोलीतील आपल्या अंगणात पावसाळ्यात लावलेली टर्टल वाइन (बारीक पानांची, जमिनीवर पसरणारी वेल) आणि कोलियस (रंगीबेरंगी पानांचे शोभेचे झाड) गेल्या डिसेंबरात काळी पडली, यंदा ती कशी वाचवावीत, असे आपण विचारले आहे. माझी बाग परभणीत आहे आणि तिथे काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे हे नुकसान मी जवळून पाहिले आहे.

बातम्यांत येणारे किमान तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजलेले असते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसभराची ऊब आकाशाकडे सोडत राहते, जड झालेली गार हवा तळाशी साचते आणि जमिनीला टेकलेली पाने त्या आकड्यापेक्षाही थंड होतात. ही झाडे मूळची उष्ण प्रदेशांतील असल्यामुळे पाणी गोठण्याची वेळ न येताही, पारा १० अंशांखाली राहिला तरी, त्यांना इजा होते.

म्हणून जमिनीतली ऊब रात्रभर वाफ्यावर अडवून धरणे, हेच आपले काम आहे. थंडीची लाट येणार असे कळताच सकाळी दहा-अकराच्या सुमारास वाफ्याला बेताचे पाणी द्यावे, कारण ओली माती कोरड्या, भेगाळलेल्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते. मात्र आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबले तर देठ कुजतात. सूर्य मावळण्यापूर्वी तुराट्यांचा वीतभर उंच मांडव करून त्यावर जुने सुती लुगडे टाकावे, त्याच्या कडा चारही बाजूंनी मातीपर्यंत आणून विटांनी दाबाव्यात आणि ऊन वर आल्यावर ते काढावे.

एका वर्षी मी घाईत प्लास्टिक थेट पानांवर अंथरले होते. सकाळी जिथे जिथे ते चिकटले होते तिथली पाने काचेसारखी पाणचट दिसत होती आणि दुपारपर्यंत तेवढीच काळी पडली. पानांखाली भुसा पसरण्याचा सल्लाही अनेक जण देतात, पण मला तो थंडीच्या रात्रींसाठी पटत नाही, कारण भुसा मातीची ऊब खालीच कोंडतो आणि वरची पाने उघडी पडतात.

ऑक्टोबरातच दोन-चार फाटे कुंडीत लावून ओसरीत ठेवावेत. नत्रयुक्त खत थंडीत देऊ नये, कारण कोवळी फूट आधी करपते. करपलेले शेंडे लगेच छाटू नयेत, खालच्या पानांना तेच पांघरूण होते. फेब्रुवारीत पेरावर नवा फुटवा दिसला की त्याच्या वरचा वाळलेला भाग कापावा.